संगणकाच्या स्क्रीनचा बिनआवाजी व्हिडिओ: रेकॉर्डिंगपासून पाठवण्यापर्यंत

मे महिन्यातल्या दुपारी नागपुरात आवाजासकट व्हिडिओ करायचा म्हटलं, तर आधी कूलर बंद करावा लागतो. पारा ४५ च्या पुढे असताना तो कोणी बंद करत नाही. मग माइकमध्ये कूलरची घरघर, मोटरचा पाण्याचा आवाज आणि बाहेरच्या भंगारवाल्याची हाक, सगळं शिरतं. सातबारा ऑनलाइन कसा पाहायचा किंवा टॅलीत नोंद कशी दुरुस्त करायची, एवढंच दाखवायचं असेल तर बोलण्याची गरजही नसते. पाहणारा बसमध्ये असतो, ऑफिसात असतो, सेतू केंद्राच्या रांगेत असतो. तो आवाज बंद ठेवूनच पाहतो. अशा कामाला बिनआवाजी व्हिडिओ पुरेसा आहे, आणि नीट केला तर बोलक्या व्हिडिओपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

सुरुवातीलाच एक फरक लक्षात घ्या, कारण पुढचा बराच घोळ त्यातूनच होतो. व्हिडिओत आवाज नसणं दोन प्रकारचं असतं. पहिल्या प्रकारात फाइलमध्ये आवाजाचा ट्रॅक असतो, पण त्यात शांतता भरलेली असते. दुसऱ्यात ट्रॅकच नसतो, फाइलमध्ये फक्त चित्र असतं. पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटतात. पण फाइल पाठवताना आणि जोडताना दोन्ही वेगळ्या वागतात. तिसरा एक प्रकार सगळ्यात वाईट: माइक चालू ठेवून रेकॉर्ड करायचं आणि नंतर प्लेअरमध्ये आवाज म्यूट करून 'झालं' म्हणायचं. फाइल पुढे गेली की समोरचा आवाज वाढवतो आणि तुमच्या खोलीतलं सगळं बोलणं ऐकतो. दुकानात गिऱ्हाईक आधार क्रमांक मोठ्याने सांगत असेल तर तोही त्यात येतो. म्हणून आवाज रेकॉर्डिंगच्या आधीच बंद करायचा आणि शेवटी फाइल तपासायची.

रेकॉर्डिंगच्या आधी स्क्रीन साफ करा

या कामाला पाच मिनिटं द्या. पुढचा अर्धा तास वाचतो.

विंडोज ११ मध्ये विंडोज आणि एन ही बटणं एकदम दाबली की नोटिफिकेशनचा भाग उघडतो. तिथे 'डू नॉट डिस्टर्ब' चालू करा. ब्राउझरमध्ये व्हॉट्सअॅप वेब उघडं असेल तर ती टॅब बंदच करा. नुसती मागे ठेवली तरी टॅबच्या नावावर न वाचलेल्या मेसेजचा आकडा दिसत राहतो. क्रोममध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि बी दाबलं की बुकमार्कची पट्टी लपते.

सर्वात धोक्याची जागा म्हणजे फॉर्ममधला मोबाईल नंबरचा रकाना. दिवसभर लोकांचे अर्ज भरणाऱ्या संगणकावर त्या रकान्यात क्लिक केलं, की ब्राउझर आधी टाकलेल्या नंबरांची यादी खाली सोडतो. पाच-सहा गिऱ्हाइकांचे नंबर एका क्षणात व्हिडिओत येतात. पाहणाऱ्याने तिथे व्हिडिओ थांबवला की ते सगळे वाचता येतात. यावर सोपा उपाय म्हणजे क्रोमची गेस्ट विंडो. उजव्या कोपऱ्यातल्या प्रोफाइलच्या गोल चित्रावर क्लिक करून 'गेस्ट' निवडा. या विंडोत जुन्या नोंदी नसतात, पासवर्ड नसतात, बुकमार्कही नसतात. अशी रेकॉर्डिंग नेहमी गेस्ट विंडोतच करावी असं आमचं ठाम मत आहे.

एवढं करूनही एखादा खरा क्रमांक स्क्रीनवर येणारच असेल, तर नंतर त्यावर भरीव काळी पट्टी टाका. धूसर केलेले आकडे काही वेळा ओळखता येतात, विशेषतः ठरावीक फॉन्टमधले आणि ठरावीक लांबीचे. काळ्या पट्टीखालचं काही दिसत नाही.

आता अक्षरांचा आकार. तुमचा व्हिडिओ बहुतेक लोक मोबाईलवर पाहणार. पंधरा इंची स्क्रीनवरचं पान सहा इंचांत आलं की अक्षरं मुंगीएवढी होतात. म्हणून ब्राउझरमध्ये कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह दाबून पान १२५ ते १५० टक्के मोठं करा. माउसचा बाणही वाढवा: सेटिंग्जमध्ये 'अॅक्सेसिबिलिटी', तिथे 'माउस पॉइंटर अँड टच', तिथे आकार ३ किंवा ४ आणि रंग पिवळा. बोलक्या व्हिडिओत 'आता इथे बघा' असं सांगता येतं, बिनआवाजी व्हिडिओत ते काम बाणालाच करावं लागतं.

झटपट काम: जे संगणकात आधीपासून आहे

विंडोज ११ असेल आणि व्हिडिओ दोन-तीन मिनिटांचा असेल, तर 'स्निपिंग टूल' पुरतं. विंडोज, शिफ्ट आणि आर दाबा. स्क्रीन थोडी काळवंडते. माउस ओढून हवा तेवढा भाग निवडा. वर छोटी पट्टी येते, तिच्यात माइकचं आणि स्पीकरचं अशी दोन चिन्हं असतात. दोन्हींवर तिरपी रेघ आहे ना, ते बघा आणि मगच 'स्टार्ट' दाबा. माइक बंद करून स्पीकरचं चिन्ह विसरणं ही नेहमीची चूक आहे. मग संगणकातलेच टणटण आवाज व्हिडिओत येतात. तीन-दोन-एक मोजून रेकॉर्डिंग सुरू होतं. निवडलेली चौकट नंतर हलवता येत नाही, म्हणून ती पहिल्यांदाच थोडी मोठी घ्या. फाइल व्हिडिओ फोल्डरमधल्या 'स्क्रीन रेकॉर्डिंग्ज'मध्ये एमपी४ स्वरूपात जाते.

विंडोज १० च्या स्निपिंग टूलमध्ये ही सोय नाही. तिथे 'गेम बार' आहे. विंडोज, ऑल्ट आणि आर दाबलं की रेकॉर्डिंग सुरू होतं, पुन्हा दाबलं की थांबतं. पण त्याआधी सेटिंग्जमध्ये 'गेमिंग', मग 'कॅप्चर्स' उघडून ऑडिओ रेकॉर्ड करण्याचं बटण बंद करा. गेम बारची मर्यादा अशी की तो एकाच प्रोग्रॅमची खिडकी टिपतो. डेस्कटॉप किंवा फाइल एक्सप्लोरर त्याला रेकॉर्ड करता येत नाही. फाइल या फोल्डरमधून त्या फोल्डरमध्ये कशी न्यायची हे दाखवायचं असेल, तर गेम बार उपयोगाचा नाही.

शाळेत किंवा क्लासमध्ये नवं काही इन्स्टॉल करायची परवानगी नसेल, तर पॉवरपॉइंट बघा. २०१३ नंतरच्या आवृत्त्यांत 'इन्सर्ट'मध्ये उजव्या टोकाला 'स्क्रीन रेकॉर्डिंग' सापडतं. यात आवाज सुरुवातीला चालूच असतो. वरच्या पट्टीतलं 'ऑडिओ' एकदा दाबून तो बंद करा. विंडोज, शिफ्ट आणि क्यू दाबून थांबलं की व्हिडिओ स्लाइडवर येतो. त्यावर उजवं क्लिक करून 'सेव्ह मीडिया अॅज' केलं की वेगळी फाइल मिळते.

मॅकवर कमांड, शिफ्ट आणि ५ दाबा. 'ऑप्शन्स'मध्ये मायक्रोफोनखाली 'नन' निवडा आणि तिथेच 'शो माउस क्लिक्स'वर खूण करा. क्लिक केलं की बाणाभोवती गोल उमटतो. बिनआवाजी व्हिडिओला त्याचा फार उपयोग होतो. उबंटू २२.०४ आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांत प्रिंट स्क्रीनचं बटण दाबून कॅमेऱ्याचं चिन्ह निवडा. ते रेकॉर्डिंग मुळातच आवाजाविना होतं, पण फाइल बरेचदा वेबएम स्वरूपाची असते. तशी असेल तर पाठवायच्या आधी ती एमपी४ करून घेतलेली बरी.

नीट काम: ओबीएस स्टुडिओ

व्हिडिओ दहा मिनिटांच्या वर असेल, वारंवार करायचे असतील किंवा अक्षरं अगदी स्वच्छ हवी असतील, तर ओबीएस हा स्क्रीन रेकॉर्ड करायचा प्रोग्रॅम घ्या. तो मोफत आहे, मुक्तस्रोत आहे, व्हिडिओवर कुठलाही शिक्का मारत नाही आणि वेळेची मर्यादा घालत नाही. २८ व्या आवृत्तीपासून तो विंडोज ७ वर चालत नाही. जुना संगणक असेल तर २७.२.४ ही आवृत्ती शोधावी लागेल. डाउनलोड ओबीएसच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच करा. भलत्या जागेवरून घेतलेल्या इन्स्टॉलरबरोबर नको ती सॉफ्टवेअर येतात.

पहिल्यांदा उघडलं की तो काही प्रश्न विचारतो. 'रेकॉर्डिंगसाठी' हा पर्याय निवडा. मग या क्रमाने जा.

१. 'सेटिंग्ज'मध्ये 'ऑडिओ' उघडा. 'ग्लोबल ऑडिओ डिव्हाइसेस'खाली डेस्कटॉप ऑडिओ आणि माइक यांच्या सगळ्या ओळी आहेत. एकेक करून प्रत्येकीवर 'डिसेबल्ड' निवडा. 'अप्लाय' दाबून बाहेर या. मुख्य खिडकीच्या तळाशी 'ऑडिओ मिक्सर'चा चौकोन रिकामा दिसला पाहिजे. तिथे हिरवी-पिवळी पट्टी हलत असेल, तर कुठून तरी आवाज येतो आहे.

२. 'व्हिडिओ' उघडा. 'बेस' आणि 'आउटपुट' या दोन्ही रिझोल्यूशनना एकच आकडा द्या. स्क्रीन १९२० × १०८० ची असेल तर दोन्हीकडे तोच. आकडे वेगळे ठेवले की ओबीएस चित्र ताणतो किंवा आवळतो आणि अक्षरांच्या कडा पसरतात. १३६६ × ७६८ च्या जुन्या लॅपटॉपवर 'मोठं दिसेल' म्हणून १०८० निवडणं ही चूक आहे. नवा तपशील कुठून येणार? फक्त फाइल फुगते.

३. तिथेच फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं टिपायची तो आकडा. खेळाच्या व्हिडिओला ६० लागतात, फॉर्म भरण्याच्या व्हिडिओला १५ पुरतात. ओबीएसच्या तयार यादीत १५ नाही. डावीकडच्या यादीतून 'इंटिजर एफपीएस व्हॅल्यू' निवडून तो आकडा हाताने टाका. पान वरखाली सरकवण्याचा भाग जास्त असेल तर ३० ठेवा.

४. 'आउटपुट' उघडा, वरचा मोड 'अॅडव्हान्स्ड' करा आणि 'रेकॉर्डिंग'ची टॅब घ्या. फॉरमॅट एमकेव्ही. का, ते खाली सांगतो. एन्कोडर (चित्र दाबून फाइलमध्ये लिहिणारा भाग) म्हणून संगणकात असेल तो हार्डवेअरवाला: इंटेलचा क्विकसिंक, एनव्हिडियाचा एनव्हीएन्क किंवा एएमडीचा. काहीच नसेल तर प्रोसेसरवर चालणारा एक्स२६४. रेट कंट्रोलमध्ये सीबीआर ठेवू नका. सीआरएफ, सीक्यूपी किंवा आयसीक्यू यांपैकी जे दिसेल ते निवडा आणि आकडा २० ते २३ च्या दरम्यान ठेवा. आकडा जितका लहान, तितकं चित्र स्वच्छ आणि फाइल मोठी.

५. 'कीफ्रेम इंटरव्हल' २ सेकंद करा.

शेवटच्या दोन पायऱ्यांमागची कारणं समजून घेण्यासारखी आहेत. सीबीआर म्हणजे दर सेकंदाला ठरलेला डेटा लिहायचाच, मग चित्र हलो की न हलो. २,५०० केबीपीएसने (सेकंदाला किलोबिट) दहा मिनिटं रेकॉर्ड केलं की सुमारे १८७ एमबी होतात, मग त्यातली सहा मिनिटं पान नुसतं स्थिर का असेना. सीआरएफमध्ये स्थिर चित्राला जवळजवळ काहीच डेटा लागत नाही. आपल्या कामात स्क्रीन बहुतेक वेळ स्थिरच असते, म्हणून इथे सीआरएफ योग्य. कीफ्रेम म्हणजे पूर्ण चित्र. त्याच्या मधल्या फ्रेममध्ये फक्त बदल साठवलेले असतात. एक्स२६४ मूळ सेटिंगवर सोडला तर दोन कीफ्रेममध्ये २५० फ्रेमपर्यंत अंतर पडू शकतं. १५ फ्रेमच्या व्हिडिओत हे अंतर सतरा सेकंदांच्या जवळ जातं. पाहणारा 'जरा मागे घेऊन बघू' म्हणतो आणि व्हिडिओ भलतीकडेच उडी मारतो. बोलक्या व्हिडिओत ऐकून अंदाज येतो, बिनआवाजी व्हिडिओत लोक सारखं मागेपुढे करतात. त्यामुळे ही सेटिंग इथे जास्त महत्त्वाची.

आता 'सोर्सेस'च्या चौकोनात अधिकच्या चिन्हावर क्लिक करून 'डिस्प्ले कॅप्चर' घ्या. 'विंडो कॅप्चर' जास्त नीटनेटका वाटतो, पण फॉर्म भरताना तो फसवतो. सातबाऱ्याच्या महाभूलेख संकेतस्थळावर तुम्ही जिल्हा नागपूर निवडता, मग तालुका कामठी, मग गाव. प्रत्येक वेळी खाली लांब यादी उघडते. ती यादी ब्राउझरच्या खिडकीचा भाग नसते, विंडोज तिला वेगळी छोटी खिडकी मानतं. त्यामुळे विंडो कॅप्चरच्या रेकॉर्डिंगमध्ये बरेचदा यादी येतच नाही. बाण रिकाम्या जागेवर खाली जातो आणि रकान्यात एकदम 'कामठी' उमटतं. पाहणाऱ्याला कळतच नाही की कुठून आलं. डिस्प्ले कॅप्चरमध्ये डोळ्यांना दिसतं ते सगळं येतं. विंडो कॅप्चर वापरायचाच असेल, तर त्याच्या सेटिंगमध्ये 'कॅप्चर ऑडिओ' असा चौकोन आहे. त्यावर चुकून खूण करू नका, नाहीतर बंद केलेला आवाज मागच्या दाराने परत येतो.

'स्टार्ट रेकॉर्डिंग' आणि 'स्टॉप रेकॉर्डिंग'ला 'हॉटकीज'मध्ये एखादं बटण नेमून द्या, एफ९ चालेल. नाहीतर प्रत्येक व्हिडिओच्या शेवटी ओबीएसची खिडकी वर येताना दिसते.

आवाजाची जागा मजकुराने भरायची

सॉफ्टवेअर लावणं सोपं असतं. बिनआवाजी व्हिडिओ फसतो तो वेगामुळे. आपल्याला काम पाठ असतं, हात भरभर चालतो आणि पाहणाऱ्याला बाण कुठे गेला तेच सापडत नाही. म्हणून हाताला एक सवय लावून घ्या: बाण बटणावर न्या, एक सेकंद थांबा, क्लिक करा, नवं पान उघडल्यावर दोन सेकंद काहीच करू नका. बाण हवेत गोल गोल फिरवू नका. रिकामा असताना तो एका कडेला ठेवा.

पायरीचा मजकूर स्क्रीनवर यायलाच हवा. 'गट क्रमांक टाका आणि शोधा वर क्लिक करा', एवढा छोटा. दोन ओळींच्या वर जाऊ नका. तो किती वेळ ठेवायचा याचं माप सोपं आहे: स्वतः मनात सावकाश दोनदा वाचा आणि मग पुढे जा. लिहिणाऱ्याला तो आधीच माहीत असतो, वाचणारा पहिल्यांदा वाचत असतो.

मजकूर टाकायचे तीन रस्ते आहेत.

एडिटिंग येत नसेल तर नोटपॅड वापरा. ब्राउझर थोडा खाली ओढा आणि वरच्या मोकळ्या पट्टीत नोटपॅड बसवा. फॉन्ट निर्मला यूआय, आकार २८ च्या आसपास. सगळ्या पायऱ्या आधी लिहून ठेवा, प्रत्येक पायरीनंतर चार-पाच रिकाम्या ओळी सोडा आणि रेकॉर्डिंग करताना एकेक पायरी सरकवत जा. दिसायला साधं असतं, पण काम चोख होतं आणि नंतर काहीच करावं लागत नाही. पट्टी वरच ठेवा, कारण फॉर्मच्या याद्या खाली उघडतात.

दुसरा रस्ता, ओबीएसमध्येच 'टेक्स्ट' सोर्स घेणं. विंडोजवर त्यात मराठी नीट उमटतं. मॅक आणि लिनक्सवर जो 'फ्रीटाइप' टेक्स्ट सोर्स मिळतो, त्यात देवनागरी फुटते: 'क्लिक'चा पाय मोडका निघतो, 'कि'ची वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते. तिथे मजकुराचं चित्र बनवून ते 'इमेज' म्हणून टाका.

तिसरा रस्ता सर्वात चांगला: रेकॉर्डिंग कोरं करायचं आणि मजकूर नंतर शॉटकटसारख्या मोफत एडिटरमध्ये घालायचा. 'फिल्टर्स'मध्ये 'टेक्स्ट: सिंपल' घेतलं की मराठी लिहिता येतं. मजकुरामागे गडद पट्टी ठेवा. सरकारी संकेतस्थळांची पानं बहुधा पांढरी असतात आणि त्यावर नुसती पांढरी किंवा पिवळी अक्षरं विरून जातात. लाल अक्षरंही टाळा. साध्या व्हिडिओत उजेडाची माहिती प्रत्येक बिंदूची साठवली जाते, पण रंगाची माहिती चार बिंदूंना मिळून एकदाच. त्यामुळे बारीक लाल अक्षरांच्या कडा फिसकटतात. काळ्यावर पांढरं हे सगळ्यात सुरक्षित.

यूट्यूबवर टाकायचा असेल तर मजकूर एसआरटी फाइल (सबटायटलची साधी मजकूर फाइल) म्हणून वेगळाही देता येतो, मग भाषा बदलायची सोय राहते. इथे मराठीत लिहिणाऱ्यांची एक हमखास चूक होते. ओळीचा क्रमांक आणि वेळेचे आकडे इंग्रजी अंकांतच हवेत. कीबोर्ड मराठीवर असताना वेळ देवनागरी अंकांत टाइप झाली, तर प्लेअरला ती वेळ म्हणून कळत नाही आणि सबटायटल दिसतच नाहीत. सेकंदांनंतर स्वल्पविराम, मग मिलिसेकंदाचे तीन आकडे. फाइल सेव्ह करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ आहे ना, तेही बघा. एएनएसआय राहिलं तर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येते.

काय बिघडतं आणि का

*लाईन गेली.* उन्हाळ्यात लोड वाढला की आणि अवकाळी वादळात लाईन जाते. यूपीएस नसलेला डेस्कटॉप तिथेच बंद पडतो. साध्या एमपी४ फाइलची अडचण अशी की कुठली फ्रेम कुठे आहे याची अनुक्रमणिका ती रेकॉर्डिंग संपताना लिहिते. मधेच वीज गेली की अनुक्रमणिका लिहिलीच जात नाही, आणि चाळीस मिनिटांची भलीमोठी फाइल कुठल्याच प्लेअरमध्ये उघडत नाही. एमकेव्ही लिहीत लिहीतच पुढे जाते. वीज गेली त्या क्षणापर्यंतचा व्हिडिओ हाती राहतो. म्हणून वर एमकेव्ही सांगितलं. काम संपल्यावर ओबीएसच्या 'फाइल' मेनूत 'रीमक्स रेकॉर्डिंग्ज' करा. काही सेकंदांत एमपी४ मिळते आणि चित्राच्या दर्जात काहीच फरक पडत नाही, कारण आतला व्हिडिओ तसाच उचलून दुसऱ्या डब्यात ठेवला जातो.

*व्हिडिओ अडखळतो.* ओबीएसच्या तळाशी 'एन्कोडिंग ओव्हरलोडेड' दिसलं तर प्रोसेसर पुरा पडत नाही. उन्हाळ्यात याचं कारण बरेचदा उष्णता असते. लॅपटॉप तापला की तो स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. सकाळी सातला सुरळीत चाललेलं रेकॉर्डिंग दुपारी तीनला धक्के खातं. लॅपटॉप गादीवर किंवा सतरंजीवर ठेवू नका, खालून हवा घ्यायची जाळी बंद होते. मागच्या बाजूला दोन पुस्तकं देऊन तो उचला. कूलरचा झोत थेट त्यावर घेऊ नका. त्या हवेत ओलावा असतो आणि कधी कधी बारीक थेंबही. पंख्याची हवा बरी. एवढं करूनही अडखळलं तर फ्रेम रेट कमी करा, हार्डवेअर एन्कोडर निवडला आहे ना ते बघा, आणि एक्स२६४ असेल तर प्रीसेट 'अल्ट्राफास्ट'कडे न्या.

*काळी स्क्रीन.* दोन ग्राफिक कार्डं असलेल्या लॅपटॉपवर डिस्प्ले कॅप्चर काळा येतो, कारण स्क्रीन एका कार्डावर चालते आणि ओबीएस दुसऱ्या. सोर्सच्या सेटिंगमध्ये 'कॅप्चर मेथड' बदलून 'विंडोज १०'वाली करा. नाही जमलं तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'सिस्टीम', 'डिस्प्ले', 'ग्राफिक्स' इथे ओबीएस शोधून त्याला 'पॉवर सेव्हिंग' द्या आणि ओबीएस बंद करून पुन्हा उघडा. सिनेमा-मालिकांच्या काही सेवांचं चित्र मात्र मुद्दामच काळं येतं. ते संरक्षण असतं, सेटिंगने बदलत नाही.

फाइल तपासा आणि ट्रॅक काढा

ओबीएसमध्ये सगळी ऑडिओ डिव्हाइसेस बंद केली तरी तो फाइलमध्ये शांततेचा एक ट्रॅक लिहितोच. 'आउटपुट'मधल्या सगळ्या ट्रॅकवरच्या खुणा काढायला गेलात, तर किमान एक तरी निवडा म्हणून अडवतो. तपासायला फाइल व्हीएलसी प्लेअरमध्ये उघडा आणि कंट्रोल व जे दाबा. 'स्ट्रीम ०'खाली व्हिडिओ आणि 'स्ट्रीम १'खाली ऑडिओ असं दिसलं, तर ट्रॅक आहे. ऑडिओची नोंदच नसेल, तर फाइल खरोखर निव्वळ चित्राची आहे. ट्रॅक असेल तर फाइल एकदा आवाज पूर्ण वाढवून, हेडफोन लावून, चार ठिकाणी ऐका. शांतता म्हणजे पूर्ण शांतता हवी. कूलरची हलकी सळसळ ऐकू आली, तर माइक चालू राहिला होता.

ट्रॅक काढायला 'लॉसलेसकट' हे मोफत सॉफ्टवेअर सोपं आहे. फाइल त्यात ओढून टाका, 'ट्रॅक्स' उघडा, ऑडिओच्या ओळीवरची खूण काढा आणि 'एक्स्पोर्ट' करा. व्हिडिओ पुन्हा एन्कोड होत नाही, म्हणून काम काही सेकंदांत होतं आणि अक्षरं तशीच राहतात. माइक चालू राहून काही खाजगी बोलणं आलेलं असेल, तर ही पायरी टाळू नका, आणि मूळ फाइल रिसायकल बिनमधूनही काढून टाका.

मात्र प्रत्येक वेळी ट्रॅक काढायची गरज नाही. दहा मिनिटांच्या व्हिडिओत १६० केबीपीएसचा ट्रॅक जास्तीत जास्त १२ एमबी घेतो. पुढे या व्हिडिओला दुसऱ्या, आवाज असलेल्या तुकड्याशी न एन्कोड करता जोडायचं असेल, तर दोन्हींत ट्रॅकची रचना सारखी लागते. तिथे शांत ट्रॅक असलेला बरा.

टेलिग्राममध्येही हाच फरक दिसतो. ट्रॅक नसलेली छोटी एमपी४ तिथे जिफसारखी चालते, संपली की आपोआप पुन्हा सुरू होते. सहा पायऱ्या शिकवणाऱ्या व्हिडिओला ते त्रासाचं ठरतं. तिथे शांत ट्रॅकवाली फाइल पाठवा किंवा 'फाइल' म्हणून पाठवा.

व्हॉट्सअॅपवर गॅलरीतून व्हिडिओ निवडला की तो दाबून लहान केला जातो. माणसांच्या चेहऱ्यांना ते चालतं, पण सातबाऱ्यावरचे आकडे वाचता येईनासे होतात. क्लिपच्या चिन्हावरून 'डॉक्युमेंट' निवडा आणि फाइल तिथून पाठवा, मग ती जशीच्या तशी जाते. मर्यादा २ जीबी आहे. काटोल-उमरेडकडच्या काकांना पाठवत असाल तर त्यांच्या मोबाईल डेटाचा विचार करून दहा मिनिटांच्या एका व्हिडिओऐवजी दोन-दोन मिनिटांचे पाच करा आणि फाइलच्या नावातच पायरी लिहा: '१ गाव निवडणे', '२ गट क्रमांक टाकणे'. ज्यांचं काम तिसऱ्या पायरीला अडलं आहे ते तिसरीच फाइल उघडतील.